पोलीस अधिकारी आणि विद्यापीठाचे शिक्षण

डिचोली तालुक्यातील सर्वण हे गाव कारापूरच्या जोडीनेच ओळखले जाते. साखळी तेथून जवळ आणि साखळीला शासकीय महाविद्यालय आहे; तेव्हा शिकू इच्छिणाऱ्या मुलाला अंतराची सबब सांगता येत नाही. परंतु घरच्या निकडीमुळे शालेय शिक्षणानंतर पोलीस दलात शिरलेल्या तरुणाला तेच महाविद्यालय फार दूरचे होऊन बसते. अशा एखाद्या सर्वणकर शिपायाची कल्पना करून पाहावी. वाळपईच्या प्रशिक्षण शाळेत कवायत आणि कायद्याची कलमे शिकून तो कामावर रुजू होतो; कधी किनाऱ्यावर, कधी पत्रादेवीच्या नाक्यावर उभा राहतो. काही वर्षांनी त्याच्यापेक्षा वयाने लहान असलेला पदवीधर थेट उपनिरीक्षक होऊन त्याच्याच ठाण्यावर येतो, आणि त्या दिवशी राहून गेलेल्या शिक्षणाची त्यास आठवण होते.

बढतीसाठी पदवी हवी, या विचारात हिणवण्यासारखे काही नाही. शेजारच्या महाराष्ट्रात शिपायांना उपनिरीक्षक होण्यासाठी जी विभागीय परीक्षा ठेवलेली आहे, तीत पदवीधराला 4 वर्षांच्या सेवेनंतर बसता येते, बारावी झालेल्याला 5 आणि दहावी झालेल्याला 6 वर्षांनंतर. म्हणजे पदवीचे मोल तेथे दोन वर्षांचे ठरवलेले आहे. संसारी माणसाला दोन वर्षे थोडी नव्हेत. तथापि पदवीचा उपयोग एवढ्यावरच संपत असता, तर त्याविषयी एवढे बोलण्याचे प्रयोजन पडले नसते.

दिनांक 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे अमलात आले. दीडशे वर्षांहून अधिक काळ पोलिसांच्या जिभेवर रुळलेली कलमे एका रात्रीत बदलली. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागू लागले. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. फोंड्याजवळ कुर्टी येथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्रही निघाले आहे. परंतु तज्ज्ञ येईपर्यंत जागा जशीच्या तशी राखणारा माणूस ठाण्यातलाच असतो. काय राखावयाचे, हे त्याला उमगले नाही, तर तज्ज्ञाच्या हाती पडावयाचे काय?

भाषेची गोष्ट तर त्याहून नाजूक आहे. सर्वणची म्हातारी आपली तक्रार कोकणीत सांगते; लिहून घेणारा शिपाई बहुधा मराठी शाळेत वाढलेला; आणि कागद पुढे न्यायालयात जातो तो प्रायः इंग्रजीतून. या तीन भाषांच्या प्रवासात तिने ‘ढकलले’ म्हटलेले ‘मारले’ झाले, तर एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न उभा राहतो. एखादे वाक्य काळजीपूर्वक वाचावे, त्याचे दोन अर्थ होतात की काय ते पाहावे, ही सवय कवायतीच्या मैदानावर लागत नाही.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी 1916 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी वर्ग सुरू करविले, तेव्हा ‘कॉलेजी पोलीस’ म्हणून लोकांनी थट्टा केली. स्वतः व्होल्मर यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, आणि पुढे ते त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले! त्या देशाने 1968 पासून पोलिसांच्या शिक्षणावर सरकारी पैसा मुबलक ओतला. पण 1978 च्या एका चौकशीत असे दिसून आले की, पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयाच्या नावाखाली प्रशिक्षण शाळेतलेच धडे पुन्हा गिरविले जात होते. आपल्याकडे 1971 साली पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे. पोलिसांच्या शिक्षणाचा विचार समाजशास्त्राच्या अभ्यासकाकडे सोपविला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण होती. पोलिसाने विद्यापीठात जाऊन पुन्हा पोलिसी विषयच शिकावेत असे नाही. इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र शिकला तरी तो ठाण्यावर रिकाम्या हाताने परतत नाही.

मात्र शिकावयाचे केव्हा? पोलिसांना अत्यंत उपयोगी असे कायद्याचे शिक्षण घ्यावे, तर वकील परिषदेच्या नियमाप्रमाणे वर्गात हजेरी भरावी लागते. घरबसल्या ती पदवी मिळत नाही. राहिले ते मुक्त विद्यापीठ. गोवा विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ ही दोन्ही 1985 मधली. मुक्त विद्यापीठाने पुस्तके घरी पाठविली, हजेरीची अट सैल केली, पण परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये ठेवल्या. आता गोव्यातला डिसेंबर म्हणजे काय, हे गोवेकराला सांगावयास नको. 3 तारखेला जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ, नववर्ष, आणि किनाऱ्यांवर पर्यटकांची रीघ. 2024 साली तर 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारी 2025 पर्यंत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन चालले होते. ज्या महिन्यात पोलिसाची रजा सर्वांत आधी रद्द व्हावयाची, त्याच महिन्यात त्याची परीक्षा!

बंदोबस्त टळणार नाही आणि टळूही नये. लाखो भाविकांची सुरक्षितता ही एका उत्तरपत्रिकेपेक्षा मोठी आहे. परंतु परीक्षेचे वेळापत्रक आधी जाहीर होते, आणि ज्याने अभ्यासक्रमासाठी खात्याची अनुज्ञा घेतली, त्याचे नाव कार्यालयात नोंदलेले असते. कामाची पाळी लावणाऱ्या हवालदाराच्या टेबलावर ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर सकाळच्या परीक्षेला बसणाऱ्यास रात्रीच्या गस्तीवर धाडणे तरी टळेल. पेपर तीन तासांचा असतो. जाण्यायेण्यासह अर्धा दिवस. तेवढा वेळ सोबत्याने त्याची जागा धरावी आणि पुढच्या खेपेस त्याने सोबत्याची, इतकी सोय ठाण्याच्या पातळीवर होण्यासारखी आहे. त्यासाठी पणजीहून निराळा हुकूम सुटण्याची वाट पाहावी लागू नये.