बायपासनंतरची पहिली रात्र

बायपास नीट पार पडली असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आम्हा भूलतज्ज्ञांचं काम मात्र तेव्हा अर्धंच झालेलं असतं. घशातली नळी निघायची असते आणि त्यानंतर पेशंटनं स्वतःच्या बळावर श्वास घ्यायचा असतो.

यात अवघड ते काय? छातीचं मधलं हाड उभं कापून तारांनी बांधलेलं असतं. खोल श्वास घेतला, खोकलं, की कळ येते. म्हणून माणूस तोकडे श्वास घेतो. फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश भुलीतच मिटलेले असतात, ते तसेच राहतात. कफ साठतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. पुन्हा नळी घालावी लागली तर न्यूमोनियाची भीती वाढते.

ती वेळ टळावी म्हणून मास्क. अगदी चपटा फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते. थोडी हवा उरलेला फुगा सहज फुगतो. सीपॅप यंत्र श्वास सोडतानाही आत थोडा दाब राखतं, बहुधा पाच ते दहा सेंटिमीटर उंच पाण्याइतका. बायपॅपमध्ये श्वास घेताना हा दाब आणखी वाढतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यावरचा भारही त्यानं हलका होतो.

एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आठवतात. नळी काढली आणि रात्री श्वास मिनिटाला चौतीसवर गेला. मास्क लावला, तर त्यांनी तो ओढून काढला. ''डॉक्टर, गुदमरवताय मला!'' मी समजावत बसलो, उपयोग शून्य. शेवटी सिस्टर म्हणाल्या, ''मामा, पट्टे बांधत नाही. मी नुसता हातानं धरते. नको वाटलं तर हात वर करा.'' वीसेक मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. मग मामांनीच पट्टे बांधायची खूण केली. तासाभरात श्वास चोवीसवर आला.

मास्क सगळ्यांना चालत नाही. शुद्ध नसेल, उलट्या होत असतील तर तो लावू नये. पोट फुगतं, नाकावर जखम होते. आणि एक-दोन तासांत फरक दिसला नाही, तर डॉक्टरांनी हट्ट न करता नळी घालावी. तिथे उशीर महागात पडतो. मास्क सोसवत नसेल तर आता नाकातून जोरानं उबदार, ओलसर ऑक्सिजन देता येतो. फ्रान्समध्ये हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ८३० रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो बायपॅपच्या तुलनेत कमी पडला नाही.

सकाळी मामा खुर्चीत बसून तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढत होते. नाकावर लाल वळ. सूनबाईंनी विचारलं, ''हे काय लागलं?''

''काही नाही गं,'' मामा म्हणाले, ''मुक्कामी गाडी होती.''