अंबादेवीची पायरी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मी वक्ता नाही, कचेरीत कागद लिहिणारा माणूस. कमिटीने सांगितले म्हणून दोन शब्द बोलतो.

लहानपणी नवरात्रात आईबरोबर एस.टी.ने अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनास जात असे. पेढी नदी आली की आई हात जोडायची. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी तेथेच देह ठेवला. पुढे अंबागेटकडची गर्दी, खणा-नारळाची दुकाने. आधी अंबा, मग शेजारची एकवीरा. रुक्मिणीचे हरण याच देवळातून झाले, असे आई सांगे. घरच्या लग्नाची पहिली पत्रिकाही ती अंबेपुढेच ठेवी.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा, वाचून कळली. याच देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. ज्या पायऱ्या मी आईचा पदर धरून धावत चढलो, त्यांच्यासाठी एवढे झगडावे लागले होते!

आपल्या जुन्या देवळातही काही घरची माणसे पाराखालूनच नमस्कार करून परतत. कोणी हाकलत नव्हते, पण वर या, असेही कोणी म्हणत नव्हते. मीही म्हटले नाही. यंदा त्या घरांतूनही वर्गणी आली. पावत्या मीच फाडल्या आहेत.

देवीची पहिली ओटी आज त्या घरांतील बायांनी भरावी, अशी कमिटीला माझी विनंती आहे. खण-नारळ मी घरून आणला आहे.