सही जुळत नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं की सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोला. अकरा वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे ते ओघानं आलंच. पण हिशेब तुम्ही दरवर्षी सर्वसाधारण सभेत ऐकता, म्हणजे ऐकत नाही, चहाची वाट बघता. म्हणून आज दुसरं काही तरी सांगतो. त्यात एक जुनी बाकी आहे, तीही माझ्याच नावावर.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहानंतर मेसेज टाकायचा नाही हा नियम माझाच. ठराव मी मांडला होता. आणि त्याच नियमामुळे आम्हा चार निशाचरांना वेगळा ग्रुप काढावा लागला. सत्तरी ओलांडली की झोप रात्री एक वाजता उठून बसते. मी एक, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे माझे जुने प्रतिस्पर्धी एक (मध्यरात्री खुर्ची ओढणारे ते हेच), ए विंगमधल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, आणि बी विंगमधला एक मुलगा. मुलगा म्हणजे आता तिशीचा आहे, अमेरिकेत नोकरीला असतो, आई-वडील इथेच. आपली रात्र ती त्याची दुपार. आम्ही झोप येत नाही म्हणून जागे, तो कामाचा कंटाळा आला म्हणून.

सुरुवात नेहमी कटकटींनी होते. लिफ्टचं दार कोणी तरी उघडं टाकतं आणि ती बाई रात्रभर ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणत राहते. कुणाच्या तरी गाडीचा अलार्म मांजर चढलं की वाजतो. पंपाची मोटर. एसीचं पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर. जेवण घेऊन येणारी पोरं चुकीच्या विंगची बेल दाबतात आणि दार उघडावं तर बिर्याणीचा वास, पण बिर्याणी आपली नाही! एकदा मी खुर्चीबद्दल लिहिलं, तर वरून उत्तर आलं, ‘खुर्ची नाही, पलंग होता.’ पाच वर्षांत आमच्यात झालेलं हे पहिलं संभाषण.

कटकटी संपल्या की गाडी हमखास चित्रांवर येते. म्हणजे चांदोबा, इंद्रजाल, दिवाळी अंक, व्यंगचित्रं. का ते कळत नाही. बहुधा रात्री माणूस लहान होतो. चांदोबात राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार धरून स्मशानातून चाललेला असायचा, शंकर यांचं ते चित्र. त्या प्रेतातला वेताळ मी पक्का ओळखत होतो. मग इंद्रजाल कॉमिक्स आली आणि तिथे जंगलात राहणारा, कवटीच्या गुहेत बसणारा, ठोसा मारला की हनुवटीवर खूण उमटवणारा दुसराच वेताळ. ली फॉकचा फँटम तो. त्याचं मराठीत वेताळ हे बारसं कोणी केलं देव जाणे, पण मला बरेच महिने वाटत होतं की हा विक्रमाच्या खांद्यावरून सुटून आफ्रिकेत गेला. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर वरच्या मजल्यावरून आलं, ‘मलाही तसंच वाटायचं.’ त्या रात्री पलंग सरकला नाही.

बाईंचं सगळं प्रेम शि. द. फडणीसांवर. मोहिनीच्या दिवाळी अंकाचं ते मुखपृष्ठ त्यांना अजून तोंडपाठ आहे, तिच्या साडीवर मांजरं आणि त्याच्या शर्टावर उंदीर. खाली एक अक्षर नाही. बाई म्हणतात, ज्याला चित्राखाली ओळ लागत नाही तो खरा. यावर आमचा वाद आहे. मी लक्ष्मणपंथी. शाखेत माझ्या टेबलाच्या काचेखाली आर. के. लक्ष्मण यांची कात्रणं असत. 1951 पासून ते रोज एका कॉलमचं चित्र काढत होते. सुरुवातीला चित्रात खूप माणसं असायची, मग ती कमी होत होत एक उरला. चौकटीचा कोट, धोतर, डोक्यावर शिल्लक राहिलेले चार केस, आणि तोंडातून शब्द नाही. खड्डा, पाणी, रेशन, बंद पडलेला फोन, मंत्र्याचं भाषण, सगळ्याला तो साक्षीदार. मंडळी, म्हणजे कटकटी आणि चित्रकला हे आमच्या ग्रुपवरचे दोन विषय नव्हतेच. विषय एकच. तुमची-आमची कटकट घेऊन त्या माणसानं पन्नास वर्षं पहिल्या पानावरचा कोपरा चालवला.

आता बाकीची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्री मी याच विषयावर लांबलचक लिहिलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं या लक्ष्मणांना प्रवेश नाकारला होता, म्हणजे बघा मोठ्या माणसांना पोरांची पारख नसते, वगैरे. पूर्वी लोक स्वतःवर हसू शकत, आता कुणाला काही सहन होत नाही, वगैरे. मला वाटलं, बरं जमलंय. बाईंनी अंगठा दिला. मग पाच-सात मिनिटं काही नाही. आणि मग त्या मुलाचा मेसेज आला.

‘काका, गणपतीत तुम्ही माझं चित्र बोर्डावरून काढून नेलं होतं. त्याचं काय केलंत?’

तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. टँकर चालू होते तो उन्हाळा. मी पाण्याच्या वेळा बांधून दिल्या होत्या, वहीत नोंदी ठेवत होतो. लोक माझ्या नावानं बोटं मोडत होते हे मला माहीत होतं, पण पैसे लोकांचे आणि वाचवायचे मला, त्यामुळे मी बधलो नाही. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा होती, विषय ‘आमची सोसायटी’. सगळ्यांनी इमारत, झाड, झोपाळा काढला. आठवीतल्या या मुलानं गच्चीवरची टाकी काढली. टाकीला बँकेसारखी जाळीची खिडकी. खिडकीच्या आत मी, चष्मा नाकाच्या टोकावर. बाहेर खाली जिन्यापर्यंत बादल्यांची रांग. सगळ्यात पुढे डोक्याला साबण लावलेला, टॉवेल गुंडाळलेला एक माणूस हातात विड्रॉवल स्लिप धरून उभा, आणि मी त्याला सांगतोय, ‘सही जुळत नाही.’

आता तुम्ही हसताय. तेव्हाही हसत होते. मी आरतीला खाली उतरलो, तर बोर्डापाशी घोळका, आणि मला बघून घोळका पांगला. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. आरतीच्या आधी मी ते चित्र टाचण्यांसकट काढलं. त्याच्या वडलांना सगळ्यांदेखत म्हणालो, ‘मुलाला जरा वळण लावा.’ दुसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन माझ्या दारात आले. पोरगा मान खाली घालून उभा. मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं, वडीलधारी माणसं, शिस्त, फुकट काम करणाऱ्याची किंमत. हे सगळं मी, ज्याच्या टेबलाच्या काचेखाली रोज एका मंत्र्याची टिंगल असायची.

ते गेल्यावर आमची ही म्हणाली, ‘काही म्हणा, हुबेहूब काढलंय हो तुम्हाला.’ ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे, विचारा हवं तर. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तीही विशेष त्रासलेली दिसली नाही.

तर त्या रात्री मी फोन हातात धरून बसलो. खरं उत्तर मला माहीत होतं. चित्र मी फाडलं नव्हतं. बँकेतल्या माणसाच्या हातून कागद फाडला जात नाही. टँकरच्या पावत्यांच्या फाइलीत लावून ठेवलं होतं. फाइल माळ्यावर. रात्री सव्वा वाजता मी स्टूल घेऊन चढलो. (हे ऐकून आमची ही आत्ता माझ्याकडे कशी बघते आहे ते तुम्हाला दिसत असेल. तिला हे आजच कळतंय.) फाइल काढली, फोटो काढला, पाठवला. खाली लिहिलं, ‘जपून ठेवलं आहे. तेव्हा मी चुकलो. तुझी आणि तुझ्या बाबांची क्षमा मागतो.’ पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला एवढं टाइप करायला किती वेळ लागतो ते टाइप करणाऱ्यालाच माहीत.

त्याचं उत्तर काय आलं? ‘हात चुकलेत काका. मला तेव्हा हात जमायचे नाहीत, म्हणून तुमचा एक हात खिशात घातलाय.’

बाईंनी लिहिलं, ‘बादल्यांची रांग मात्र उत्तम. मागच्या बादल्या लहान काढल्यास, हे मी शिकवलेलं.’ वरच्या मजल्यावरून आलं, ‘रांगेत तिसरा मी आहे. पोट ओळखलं.’ मग कोणी तरी लिफ्टच्या बाईबद्दल काही तरी लिहिलं आणि गाडी पुढे गेली.

पुढे एकदा मी त्याला विचारलं, माझ्यामुळे चित्रं काढणं सुटलं का रे? तो म्हणाला, तसं नाही, काढत होतो, अजून ट्रेनमध्ये काढतो, पण त्यानंतर कुठे लावलं नाही. भिंतीवर, बोर्डावर, कुठेच नाही. मला वाटलं होतं तो ‘नाही’ म्हणेल आणि मी सुटेन. बोर्डावरून काढलेला कागद मी सांभाळून ठेवला, पण या नोंदीसमोर जमा दाखवायला माझ्याकडे काही नाही.

त्याच्या वडलांना मात्र फोनवर सांगून भागलं नसतं. गेल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला. ते म्हणाले, ‘मी त्या दिवशी त्याला तुमच्या दारात आणायला नको होतं.’ म्हणजे हे एकाच्याच डोक्यात राहिलेलं नव्हतं.

सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात लक्ष्मणांच्या त्या कॉमन मॅनचा पुतळा आहे, तुम्ही जाता-येता पाहिला असेल. आपल्याकडे एवढी जागा नाही. आपल्याकडे लॉबीतला नोटीस बोर्ड आहे, त्यावरही अर्धी जागा पार्किंगच्या सूचनेनं खाल्ली आहे. मुलाची परवानगी घेतली आहे, सेक्रेटरींची लेखी घेतली आहे. त्यानं परवा एक नवं चित्रही पाठवलं, त्यात आजचे खजिनदार आहेत. ते हसत आहेत, म्हणजे त्यांनी अजून पाहिलेलं दिसत नाही.

दोन्ही चित्रं आज संध्याकाळी आरतीच्या आधी मी स्वतः बोर्डावर लावली आहेत. जाताना बघा. टाचण्या जुन्याच आहेत, त्याच फाइलीत होत्या. सोसायटीच्या खर्चात धरलेल्या नाहीत.