धारेमागचा कोन



माळशिरस तालुक्यात कोयता कोणास ठाऊक नाही? ऊसतोडणीपूर्वी मजूर पात्यावर कानस फिरवून धार पातळ करतो. उसाला ती पुरते. परंतु तोच ऊस पिळणाऱ्या कारखान्यातील लाटा बिडाच्या असतात. त्या लेथवर कातताना अशी पातळ धार क्षणभरही टिकणार नाही. हत्याराचे सामर्थ्य नुसत्या तीक्ष्णतेत नसून धारेमागील कोनात असते.

१९३० च्या दशकात शेतकऱ्यांनी माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना उभारला. तेव्हापासून या परिसराचे जीवन गाळपाशी जोडले गेले आहे. लाटांवरील खाचा उसाबरोबर येणाऱ्या मातीने व वाळूने झिजतात आणि हंगाम संपल्यावर पुन्हा कातल्या जातात. खाच बिघडली की लाट ऊस नीट पकडत नाही. रस चोथ्यात राहतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल घटते.

हत्याराची पाठ कामापासून सुटी ठेवणारा तो क्लिअरन्स कोन. माथ्याचा उतार तो रेक कोन. दोहोंमधील धातू ही पाचर. तिन्हींची बेरीज ९० अंश. बिडासाठी रेक अल्प ठेवतात. क्लिअरन्स ६ अंश व रेक ४ अंश असल्यास पाचर ८० अंशांची, म्हणजे भक्कम होते. क्लिअरन्स नसेल तर हत्यार कापण्याऐवजी घासते व तापते. तो फाजील झाला तर आधार गमावून धार तुटते.

हे कोन ग्राइंडिंगच्या चाकावर घडतात. चाकातील प्रत्येक कण हे एक सूक्ष्म हत्यारच होय. हायस्पीड पोलादासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, तर कार्बाइडसाठी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे चाक वापरावे. तापलेले कार्बाइड पाण्यात बुडवू नये. त्यास तडे जातात.

चाक बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. स्वच्छ नाद न आल्यास ते वापरू नये. टेकू व चाक यांत ३ मिलिमीटरहून अधिक फट नसावी, अन्यथा हत्यार आत ओढले जाऊन चाक फुटू शकते. डोळ्यांवर चष्मा असावाच.

गेलेली धार पुन्हा लावता येते. गेलेली दृष्टी परत येत नाही. कोन मोजून, डोळे जपून काम करणाऱ्या कारागिराच्या हाती शेतकऱ्याचा ऊस सुरक्षित आहे.