खेळातली विहीर

आपल्या धाराशिव जिल्ह्यात अटल भूजल योजनेतली गावं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडत आली आहेत. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला आणि पिकांना किती लागेल, याचं ते गणित. पण कागदावरचं गणित माणसाच्या डोक्यात उतरलं का, हे तोंडी परीक्षेत कळत नाही. ‘पाणी जपून वापरा’ हे उत्तर लहान मुलालाही पाठ असतं. आंध्र प्रदेशात आपल्यासारख्याच कठीण खडकाच्या भागात, 17 वस्त्यांमध्ये यासाठी एक खेळ खेळला गेला. पाणी सगळ्यांचं एकच. प्रत्येकानं दर हंगामाला पीक निवडायचं: कमी पाण्याचं, कमी नफ्याचं, किंवा जास्त पाण्याचं, जास्त नफ्याचं. उपसा वाढला की सगळ्यांचीच पातळी खाली जाते. आधी एकमेकांशी न बोलता, मग बोलून खेळायचं. पहिल्या वर्षी बोलण्यानं फरक पडला नाही; दुसऱ्या वर्षी पुन्हा खेळले, तेव्हा मात्र बोलण्यानं सहकार्य वाढलं. मला मोलाची वाटते ती पुढची तपासणी. एका वर्षानं पाहिलं, तर या वस्त्या पाण्याच्या ज्या कार्यक्रमात होत्या, त्यातल्याच पण खेळ न झालेल्या वस्त्यांपेक्षा इथं पाण्याची नोंदवही आणि उपशाचे नियम जास्त आढळले. शिकण्याचं मोजमाप असं हवं.

यावर कुणी म्हणेल, खेळात उसासारखं जास्त पाण्याचं पीक सोडणं सोपं. शेतात डोक्यावर कर्ज असतं, उसाला कारखाना असतो, सोयाबीनच्या भावाचा मात्र भरवसा नसतो. आक्षेप अगदी रास्त आहे, आणि खरी परीक्षा त्यातच आहे. शाळेत असा खेळ घेतला, तर मिळालेल्या गुणांवर मुलांना जोखू नये. हुशार मूल खेळाची युक्ती चटकन ओळखतं. मध्येच पाऊस निम्म्यावर आणावा, शेजाऱ्याला नवं बोअर पाडू द्यावं, आणि मूल आपलं पीक बदलतं का, कोणत्या कारणानं बदलतं, हे पाहावं. मग विचारावं, ‘या खेळात आपल्या गावातलं काय राहून गेलं?’ ज्या मुलीला कर्ज आठवलं, कळंब-परंड्याकडचे ऊस कारखाने आठवले, तिला खेळ समजला आणि गावही समजलं. पन्नास मुलांच्या वर्गात हे जमेल का? प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घेतल्या, तरी पुरे.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि ग्रामसभांना माझी विनंती आहे: खेळ जरूर घ्या, त्या चार ओळी जपून ठेवा आणि वर्षभरानं गावाची पाण्याची नोंदवही उघडून पाहा.