बंदूक खाली ठेवल्यानंतर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी मिझोरमच्या लालडेंगांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यांचा नि आपल्या विहाराचा काय संबंध? आहे, तो शेवटी सांगतो.

१९५९ साली मिझो टेकड्यांत बांबूला फुलोरा आला. त्यामागून उंदीर आले, पिके फस्त झाली, दुष्काळ पडला. सरकारी मदत अपुरी पडली. पूर्वी सैन्यात हवालदार असलेल्या लालडेंगांनी दुष्काळनिवारणाची संघटना काढली. १९६१ साली तिच्या नावातला दुष्काळ गेला आणि ती मिझो नॅशनल फ्रंट झाली. मार्च १९६६ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य पुकारले. सरकारने ऐजॉलवर विमानांतून हल्ला केला, पुढे गावेच्या गावे उठवून लष्कराच्या पहाऱ्यात बसवली. वीस वर्षे माणूस भरडला गेला.

३० जून १९८६ रोजी करार झाला. केंद्रातर्फे सही केली गृहसचिव राम प्रधान यांनी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या एकेकाळच्या स्वीय सचिवांनी. लालडेंगांनी वेगळ्या देशाची मागणी सोडली, केंद्राने राज्याचा दर्जा दिला. मुख्यमंत्री लालथनहवला यांनी लालडेंगांसाठी खुर्ची सोडली आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले. संप पुकारणे सोपे, सन्मानाने मिटवणे अवघड, हे गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको.

पण खरी परीक्षा पुढेच होती. १९८८ साली आमदार फुटले, सरकार गेले. १९८९ च्या निवडणुकीत पक्ष हरला. ७ जुलै १९९० रोजी लालडेंगा वारले. तरीही त्यांची माणसे पुन्हा जंगलात गेली नाहीत. त्यांचे जंगलातले सहकारी झोरामथांगा १९९८ साली मतपेटीतून मुख्यमंत्री झाले, २००८ ला हरले, २०१८ ला जिंकले, २०२३ ला पुन्हा हरले आणि पायउतार झाले. हरल्यावर घरी जाणे, हाच लालडेंगांचा खरा वारसा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत हेच बजावले होते की, सनदशीर मार्ग खुला असताना रक्ताचा मार्ग सोडा. आणि त्याच भाषणात हेही बजावले की, विषमता राहिली तर ही लोकशाही टिकणार नाही.

आता आपला संबंध. मिझोरममध्ये चकमा लोक राहतात, ते आपले धम्मबांधव, बौद्ध. अल्पसंख्याकांचे हक्क जपू, असे त्या करारात लिहिलेले आहे. तरीही १९९७ साली ब्रू समाजाच्या हजारो माणसांना घरदार टाकून त्रिपुरात पळावे लागले. त्यांना तिथेच कायमचे वसवण्याचा करार व्हायला २०२० साल उजाडले. म्हणजे दोन मोठ्यांचे भांडण मिटले, पण लहानाच्या दारापर्यंत शांती पोचायची राहिली.

म्हणून बांधवांनो, कुठल्याही समझोत्याची बातमी वाचाल, तेव्हा सह्या कोणी केल्या एवढेच पाहू नका. त्या टेबलाशी ज्याला खुर्चीच नव्हती, तो रात्री निर्धास्त झोपतो का, ते विचारा. गल्लीतला तंटा मिटवतानाही हीच मोजपट्टी लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!