कुपीवरचं नाव खरं कशावरून?

दातांवरच्या थरातले जिवाणू संशोधनासाठी कुप्यांत गोठवून जपतात. ही झाली संदर्भ-वाणं. पण कुपीवरचं नाव खरं कशावरून? ‘चॅलिस’ हे वाण वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोकॉकस सँग्विस म्हणून वापरात होतं. १९८९ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय ही वेगळी प्रजाती ठरली आणि चॅलिस तिच्यात गेलं. जुने शोधनिबंध मात्र जुन्याच नावाचे. वाचताना भान ठेवावं लागतं!

ओळख पटवायला १६-एस जनुक वाचतात, सुमारे दीड हजार डीएनए-अक्षरांचं. पण तोंडातला, सहसा निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस मायटिस आणि न्यूमोनियाचा जिवाणू यांच्यात ते ९९ टक्क्यांहून अधिक सारखं. इथं ते कुचकामीच म्हणा ना! म्हणून आता अख्खा जीनोम प्रजातीच्या प्रमाण-वाणाशी ताडतात. जुळणी साधारण ९५ टक्क्यांच्या खाली गेली, की प्रजाती वेगळी.